खोली ३००० ची, हातात १९१४

गोव्यात मांद्रे किंवा पाळोळ्यात कुणी वरच्या मजल्यावरच्या चार खोल्या पर्यटकांना द्यायचं ठरवलं आणि बुकिंग ॲपवर रात्रीचा भाव टाकला ३००० रुपये. पाहुणा आला, राहिला, गेला. मालकाच्या खात्यात जमा झाले १,९१३ रुपये ८७ पैसे. मधले १,०८६ रुपये कुठे गेले असं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'कमिशन खाल्लं'. खरं तर कमिशन त्यातलं निम्मंही नाही.

हिशेब असा. मालकासाठीच्या पोर्टलवर, ज्याला धंद्यात एक्स्ट्रानेट म्हणतात, दोन सवलती सुरुवातीलाच पुढे केल्या जातात: मोबाईलवरून बुक करणाऱ्याला १० टक्के आणि ॲपच्या सभासदाला १० टक्के. दोन्ही होकार दिले की त्या एकमेकींवर चढतात. ३००० चे २७००, २७०० चे २४३०. पाहुण्याला पडद्यावर ३००० वर काट मारलेली दिसते, सवलत दिल्याचं पुण्य ॲपच्या नावावर जमा होतं आणि ५७० रुपये जातात मालकाच्या खिशातून. आता कमिशन. दर प्लॅटफॉर्मगणिक आणि करारागणिक बदलतो, इथे १८ टक्के धरू. २४३० वर ४३७ रुपये ४० पैसे. या कमिशनवर प्लॅटफॉर्म १८ टक्के जीएसटी लावतो, ते ७८ रुपये ७३ पैसे. तिन्ही मिळून १,०८६ रुपये १३ पैसे.

यात शेवटचे ७८ रुपये सर्वांत दुर्लक्षित. ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, पण इनपुट क्रेडिटशिवाय. म्हणजे कमिशनवर भरलेला कर मालकाला वळता करून घेता येत नाही. नोंदणी नसलेल्याला तर तो प्रश्नच नाही. मालक जीएसटी-नोंदणीकृत असेल तर आणखी ०.५ टक्के टीसीएस (प्लॅटफॉर्मने जीएसटीपोटी आधीच कापून ठेवलेली रक्कम) कापला जातो, आणि ई-कॉमर्सवरच्या विक्रीपोटी ०.१ टक्का टीडीएस. हे १४-१५ रुपये मात्र परत मिळतात: टीसीएस जीएसटी पोर्टलवरच्या कॅश लेजरमध्ये दिसतो, टीडीएस आयकराच्या पोर्टलवर. पॅन दिलेला नसेल तर टीडीएस थेट ५ टक्के होतो. म्हणून पोर्टलवर पॅन भरलाय की नाही ते एकदा डोळ्यांनी पाहावं.

आता दुसरी बाजू. पाहुण्याने ॲपवर भरले २४३० अधिक ५ टक्के जीएसटी, म्हणजे २,५५१ रुपये ५० पैसे. मालकाची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी नसेल, तरीही ॲपवरच्या बुकिंगवर जीएसटी लागतोच. तो भरायची जबाबदारी कायद्याने प्लॅटफॉर्मवर टाकली आहे. त्याच मालकाने तीच खोली फोनवर थेट २५०० ला दिली तर जीएसटी नाही. पाहुण्याचे ५१ रुपये वाचले. पैसे यूपीआयने आले तर मालकाला पूर्ण २५००. पेमेंट गेटवेची लिंक पाठवली आणि दोन टक्के अधिक त्यावरचा जीएसटी धरला तरी ५९ रुपये जातात, हातात राहतात २४४१. दर रात्रीमागे ५२७ रुपयांचा फरक, आणि पाहुण्यालाही स्वस्त.

मग सगळे थेटच का देत नाहीत? एक कारण रास्त आहे. हरमलच्या आतल्या वाड्यावरचं घर पोलंडच्या किंवा पुण्याच्या माणसाला माहीत होण्याचा दुसरा मार्ग नव्हता. प्लॅटफॉर्म जाहिरात करतो, पैसे आगाऊ घेतो, भांडण झालं तर मध्ये उभा राहतो, कार्डवाल्याने पैसे परत मागितले तर ते झंझट सांभाळतो. त्याचे पैसे घ्यायला हरकत नाही. कमिशन घेणं अनीतीचं आहे असं मी म्हणणार नाही. कमिशन हा धंद्याइतकाच जुना प्रकार आहे आणि म्हापशाच्या बाजारात तो कुणाला खटकत नाही.

दुसरं कारण करारात असतं. त्याला दरसमानता म्हणतात: आमच्यापेक्षा कमी भाव तुम्ही दुसरीकडे, स्वतःच्या वेबसाइटवरसुद्धा, दाखवायचा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने १९ ऑक्टोबर २०२२ रोजी मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी दंड ठोठावला, तेव्हा वादात ही कलमंही होती, आणि मेकमायट्रिप-गोआयबिबोला हॉटेलांशी केलेल्या करारांतून दरसमानतेची आणि खोल्या-उपलब्धतेच्या समानतेची अट काढायला सांगितलं होतं. हा आदेश गोव्यातल्या किती खोलीमालकांनी वाचला असेल? करार ऑनलाइन असतो, चौकोनावर टिचकी मारून मान्य केलेला, इंग्रजीत, आणि नवी आवृत्ती आली की 'पुढे चालू ठेवल्यास मान्य समजू' असा. तो पीडीएफ उतरवून त्यात 'पॅरिटी' हा शब्द शोधायला दोन मिनिटं लागतात.

भाटकार-मुंडकाराचं, म्हणजे जमीनमालक आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, नातं ज्या प्रदेशाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आणि १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा केला, त्या गोव्याला ही गोष्ट नवी वाटू नये. घर आपलं, वीजबिल आपलं, चादरी धुणारी बाई आपली. पण दारात कोण येणार, किती भावाने येणार आणि यादीत कितव्या नंबरवर दिसणार हे ठरवणारा लांब बसलेला. फरक एवढाच की त्या भाटकाराचं तोंड तरी ओळखीचं असायचं.

यादीतल्या त्या नंबराबद्दल. 'आमची शिफारस' या नावाखालची क्रमवारी पाहुण्याला गुणवत्तेची वाटते. प्रत्यक्षात सूत्रात बऱ्याच गोष्टी असतात: बुकिंग किती वेळा रद्द होतं, फोटो किती, प्रतिसाद किती लवकर, आणि मालक किती टक्के देतो. कमिशन दोन-तीन टक्क्यांनी वाढवा, वर या, असा पर्याय एक्स्ट्रानेटवर उघडपणे असतो. मालकाला तो दिसतो, पाहुण्याला दिसत नाही. माझ्या मते नीतीची रेघ नेमकी इथे आहे. पैसे घेऊन वर चढवायला हरकत नाही, वर्तमानपत्रही पहिल्या पानाचा जास्त दर घेतं. पण जाहिरातीला जाहिरात म्हणा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला भुलवणाऱ्या पडद्यावरच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार नावानिशी आहेत. त्यातला एक आहे वेष बदललेली जाहिरात.

टॅक्सीचा विषय इथे येणारच. गोवामाइल्स हे टॅक्सी-ॲप २०१८ पासून आहे, आणि २०२५ च्या मे महिन्यात सरकारने ॲग्रिगेटरांसाठी, म्हणजे ॲपवरून गाड्या जोडून देणाऱ्या कंपन्यांसाठी, मसुदा काढला तेव्हा टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले. मीटर न टाकता विमानतळावरून मनाला येईल तो आकडा सांगणाऱ्यांची बाजू घ्यायची माझी इच्छा नाही. पण 'उद्या कमिशन कोण ठरवणार?' हा त्यांचा सवाल अडाण्याचा नव्हे. केंद्राच्या जुलै २०२५ च्या ॲग्रिगेटर मार्गदर्शक तत्त्वांत गाडी चालकाची स्वतःची असेल तर भाड्याचा किमान ८० टक्के वाटा त्याला द्यावा असं म्हटलं आहे आणि गर्दीच्या वेळचं भाडं मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत रोखलं आहे. म्हणजे टॅक्सीच्या कमिशनला निदान कागदावर तरी कमाल मर्यादा आहे. खोलीच्या कमिशनला ती नाही, आणि तिच्यासाठी कुणी रस्त्यावर येत नाही, कारण खोलीवाल्यांचा स्टँड नसतो.

आता पडद्याच्या आतल्या गोष्टी. 'आमच्या साइटवर फक्त १ खोली शिल्लक!' हे लाल अक्षरातलं वाक्य जवळून बघण्यासारखं आहे. मालकाकडे चार खोल्या आहेत. त्याने दोन प्लॅटफॉर्मना एकेक खोली दिली, दोन ओळखीच्या पाहुण्यांसाठी हातात ठेवल्या. प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या डेटाबेसमध्ये या घराची शिल्लक १ आहे. कोडमधली अट साधी असते: शिल्लक तीन किंवा कमी असेल तर लाल पट्टी दाखव. शिल्लक पहिल्या दिवसापासून १ च आहे, म्हणून पट्टी पहिल्या दिवसापासून लालच. वाक्य अक्षरशः खरं, कारण 'आमच्या साइटवर' हे दोन शब्द वकिलाने टाकून घेतले आहेत. पाहुण्याच्या मनात मात्र पोहोचतं ते 'घर भरत आलंय'. जूनच्या मुसळधार पावसात, अर्धा किनारा रिकामा असताना, हीच पट्टी तितकीच लाल असते. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने फेब्रुवारी २०१९ मध्ये बुकिंग डॉट कॉम, एक्स्पीडिया, अगोडा यांच्यासह सहा साइटींकडून लेखी हमी घेतली, ती अशाच गोष्टींबद्दल: दडपण आणणारे खोटे इशारे, कमिशनचा क्रमवारीवरचा परिणाम लपवणं, आणि शेवटच्या पानावर उगवणारं जादा शुल्क. आपल्या १३ प्रकारांत अशा इशाऱ्यांना 'खोटी घाई' म्हटलं आहे.

ही पट्टी लिहिणाऱ्याला ती प्रामाणिक करायची असेल तर काय लागतं? घरातल्या एकूण खोल्यांची संख्या मालकाने नोंदणीत दिलेलीच असते. एकूण चार, आम्हाला मिळाली एक, तर पट्टी दाखवू नको. एकूण चार, आम्हाला मिळाल्या चार, त्यातल्या तीन या तारखांना गेल्या, तर दाखव. एक तुलना वाढवायची, अर्ध्या दिवसाचं काम. ते होत नाही याचं कारण तांत्रिक नाही.

कारण पैशाचं आहे, आणि ते कंपनीत 'पैसा' या नावाने येतच नाही. येतं ते डॅशबोर्डवरच्या आकड्याच्या रूपात. शंभर लोकांनी खोलीचं पान उघडलं, त्यातल्या किती जणांनी पैसे भरले, हे कन्व्हर्जन. बुकिंगबरोबर किती जणांनी विमा घेतला, हा अटॅच रेट. प्रत्येक आकड्याला एक माणूस बांधलेला असतो आणि त्या माणसाचा वार्षिक बोनस त्या आकड्याला. कंपनीच्या बैठकीत बसलेला कुणी 'चला, लोकांना फसवू' म्हणत नाही. म्हणतात, 'या तिमाहीत अटॅच रेट वर न्यायचा आहे.'

विम्याचंच उदाहरण घ्या. समजा महिन्याला १० हजार बुकिंगं, विमा ४९ रुपयांचा. चौकोन रिकामा ठेवला तर समजा ८ टक्के लोक तो भरतात: ८०० जण, ३९,२०० रुपये. चौकोन आधीच भरून ठेवला आणि ६० टक्के लोकांनी तो काढला नाही: ६००० जण, २,९४,००० रुपये. महिन्याला अडीच लाखांचा फरक, आणि कोडमध्ये बदल फक्त 'फॉल्स'च्या जागी 'ट्रू'. ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये आधीच टिक केलेल्या चौकोनातून संमती घ्यायला स्पष्ट मनाई आहे. तरी ते पुन्हा पुन्हा उगवतं, कारण चाचणीच तशी आखलेली असते. अर्ध्या लोकांना जुनं पान, अर्ध्यांना नवं, सात दिवस मोजायचं, जिंकेल ते ठेवायचं. सात दिवसांत अटॅच रेट दिसतो. परतावा मागणारे, कस्टमर केअरला फोन करणारे, आणि पुढच्या वर्षी परत न येणारे सात दिवसांत दिसत नाहीत. फोनचा खर्च पडतो दुसऱ्या विभागाच्या खात्यात, त्यामुळे जिंकलेल्याला त्याची झळ लागत नाही.

म्हणून अशा चाचणीत सोबतचे आकडे आधी लिहून ठेवावे लागतात: ३० दिवसांतले परतावे, दर हजार बुकिंगमागे आलेले फोन, ६० दिवसांतले कार्ड-वाद, आणि विमा घेतलेल्यांपैकी किती जणांना तो घेतल्याचं आठवतं हे विचारणारा एक साधा मेसेज. यातला एकही ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर बदल मागे. 'आधी' हा शब्द महत्त्वाचा. निकाल हातात आल्यावर मर्यादा ठरवायला बसलं की ती निकालाला बेतून शिवली जाते.

आकड्यामागे किती लांब जाता येतं याचा सर्वांत मोठा दाखला अमेरिकेतला आहे. ॲमेझॉन प्राइमची वर्गणी बंद करायला चार पानं, सहा टिचक्या आणि पंधरा पर्याय पार करावे लागत, आणि कंपनीत या वाटेला 'इलियड' या लांबलचक युद्धकाव्याचं नाव होतं. नाव ठेवणाऱ्यांना आपण काय बांधतोय ते पक्कं ठाऊक होतं, हे त्या नावावरूनच कळतं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये दावा लावला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली, त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत द्यायचे. आपल्याकडे याच रोगावर रिझर्व्ह बँकेने वेगळा उपाय केला: १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप जाणाऱ्या हप्त्याची सूचना २४ तास आधी द्यावी लागते, त्यात नकार द्यायची सोय लागते, आणि ठरावीक मर्यादेवरच्या रकमेला (आधी ५ हजार, जून २०२२ पासून बहुतेक हप्त्यांना १५ हजार) दर वेळी ओटीपी. ॲपने बंद करायचं बटण कितीही खोल पुरलं तरी बँकेच्या बाजूने दार उघडं राहतं. मला हा उपाय दंडापेक्षा जास्त आवडतो. कंपनीच्या सद्भावनेवर त्याचं काही अडत नाही.

मग पर्वरीच्या ऑफिसात किंवा फोंड्याच्या घरातून काम करणारा इंजिनिअर 'नाही' का म्हणत नाही? भित्रेपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याच्या ऑफर लेटरमध्ये याचा बराचसा जबाब सापडतो.

ईसॉप घ्या, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर विकत घ्यायचा नोकरदाराला दिलेला हक्क. चार वर्षांत मिळणारे २००० शेअर-पर्याय, पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच नाही. विकत घ्यायचा भाव १० रुपये. चौथ्या वर्षी मूल्यांकनकर्त्याने शेअरचा भाव लावला ५१० रुपये. कंपनी बाजारात नोंदलेली नाही, शेअर विकायला गिऱ्हाईक नाही. या माणसाने नोकरी सोडली तर बऱ्याच योजनांत त्याला ९० दिवसांत पर्याय वापरावे लागतात, नाहीतर ते गेले. वापरायचे तर २० हजार रुपये कंपनीला. शिवाय ५०० रुपये गुणिले २०००, म्हणजे १० लाख, हे आयकराच्या दृष्टीने त्या वर्षीचं पगारी उत्पन्न. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर ४ टक्के उपकरासह कर ३,१२,००० रुपये. हातात न आलेल्या पैशावर, रोख. तेव्हा 'हे मी लिहिणार नाही' या वाक्याची त्याच्यासाठी किंमत आहे ३ लाख ३२ हजार भरणं, किंवा चार वर्षांचं कागदी धन सोडून देणं. ठरावीक सरकारी प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलता येतो. पण नोकरी सोडली की ती सवलतही तिथेच संपते आणि १४ दिवसांत कर भरावा लागतो. नियम करणाऱ्याच्या मनात तसं नसेल, पण परिणाम तोंडाला कुलूप असाच होतो.

यावरचा इलाज नोकरी लागायच्या आधीच होतो, नंतर नाही. ऑफर आली की पगाराच्या आकड्यावर घासाघीस करण्याइतकाच जोर ९० दिवसांच्या मुदतीवर लावावा. ती काही वर्षांपर्यंत वाढवून देणाऱ्या कंपन्या आहेत आणि मागितल्याशिवाय कुणी देत नाही. एकूण शेअर किती, हे विचारावं: २००० म्हणजे एक कोटीतले की दहा कोटीतले हे कळल्याशिवाय तो आकडा निरर्थक. जॉइनिंग बोनस परत मागायची अट किती महिन्यांची आणि ती रक्कम करकपातीच्या आधीची की नंतरची, तेही. आधीची असेल तर हातात न आलेला पैसासुद्धा परत द्यावा लागतो. आणि बदलता पगार कोणत्या आकड्याला बांधलाय, हे लेखी मागावं. 'कंपनीच्या कामगिरीवर' असं उत्तर आलं तर बरं. 'अटॅच रेटवर' आलं तर पुढची तीन वर्षं काय लिहावं लागणार ते कळून चुकलं.

आत गेल्यावर काय करता येतं? थोडंच, पण कुचकामी नाही. चहाच्या टेबलावर केलेला आक्षेप हवेत जातो. टिकटमध्ये, म्हणजे कंपनीच्या कामाच्या ऑनलाइन नोंदीत, लिहिलेला राहतो: 'हा बदल २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतल्या बास्केट स्नीकिंगच्या व्याख्येत बसतो असं दिसतं. विधी विभागाची लेखी संमती जोडल्यावर काम सुरू करतो.' (बास्केट स्नीकिंग म्हणजे ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात काही घुसवणं.) भाषा अशीच कोरडी हवी. त्यात 'नैतिकता' हा शब्द आला की चर्चा तुमच्या स्वभावाकडे वळते. लेखी संमती कुणालाच द्यायची नसते, त्यामुळे अर्धी टिकटं तिथेच निजतात. जून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायची सूचना दिली होती, तिचा हवाला इथे कामी येतो. कंपनीची कागदपत्रं स्वतःच्या मेलवर पाठवू नयेत. तो गोपनीयतेचा भंग ठरतो आणि मग मूळ मुद्दा बाजूला पडतो. तारीख, टिकट क्रमांक आणि आपण काय म्हटलं एवढं स्वतःच्या वहीत पुरे. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे तक्रारीची अंतर्गत यंत्रणा ठेवणं शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, आणि जनतेकडून ठेवी घेणाऱ्या किंवा बँकांकडून ५० कोटींवर कर्ज घेतलेल्या कंपन्यांना बंधनकारक आहे. लहान स्टार्टअप बहुधा त्यात येत नाही, तिथे हे कलम शोधण्यात वेळ घालवू नये.

'मला वरून सांगितलं होतं' हा बचाव कुठवर चालतो याचं उत्तर फोक्सवॅगनच्या प्रकरणाने दिलं आहे. गाडी तपासणी-यंत्रावर आहे की रस्त्यावर हे ओळखून धूर कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर बनवण्यात जेम्स लियांग या इंजिनिअरचा हात होता. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकन न्यायालयाने त्याला ४० महिने कैद आणि दोन लाख डॉलर दंड दिला. वरिष्ठांनाही शिक्षा झाल्या, पण आत जाणाऱ्यांच्या रांगेत कोड लिहिणारा होता, हे लक्षात ठेवण्याजोगं.

खोलीमालकांकडे परत. चवथ आटोपली की सीझनच्या तयारीत रंगकामाबरोबर अर्धा दिवस एक्स्ट्रानेटला द्यावा. मोबाईल आणि सभासद या सवलती एकत्र लागू होतात का ते तपासून एक बंद करावी. नुसती एवढी केली तरी वरच्या हिशेबात भाव २४३० चा २७०० होतो आणि हातात २१२६ च्या आसपास येतात. भाव 'आपोआप कमी करण्याची' परवानगी दिलेली असेल तर काढावी. सगळ्या खोल्या एकाच प्लॅटफॉर्मवर ठेवू नयेत, पण तीच खोली दोन ठिकाणी ठेवायची तर कॅलेंडर जोडलेलं हवं. कॅलेंडरची फुकट लिंक लगेच अद्ययावत होत नाही, कधी कधी तास लागतात. नाताळ ते नव्या वर्षाच्या आठवड्यात दुहेरी बुकिंग होतं ते बहुतेक यामुळे, आणि रद्द केल्याचा फटका क्रमवारीला बसतो. त्या आठवड्यापुरतं हाताने बंद करणं बरं. गूगल मॅप्सवरची नोंद फुकट असते, त्यावर स्वतःचा फोन नंबर असावा, आणि पर्यटन खात्याचा नोंदणी क्रमांक फोटोंबरोबर दाखवावा. थेट पैसे पाठवताना पाहुण्याला तोच एक आधार असतो.

पाहुण्याचा नंबर आणि मेल प्लॅटफॉर्म शक्य तितका वेळ झाकून ठेवतात, कारण पाहुणा त्यांचा राहावा असं त्यांना वाटतं. चेक-इनच्या वेळी नंबर घेणं मालकाच्या हक्काचं आहे. तो न विचारता व्हॉट्सॲपच्या जाहिरातींच्या यादीत घालणं मात्र नाही. लाल पट्टीवर चिडणारे मालकही हे बिनदिक्कत करतात. 'पुढच्या वेळी थेट बुकिंगचा भाव कळवू का?' एवढं विचारलं की काम भागतं, आणि हो म्हटलेल्यांची यादी लहान असली तरी तीच फोन उचलते. आधारची फोटोकॉपी घेताना फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क्ड प्रत मागावी. पूर्ण आधारचे फोटो स्टाफच्या फोनमध्ये साठवून ठेवण्याची गरज कुणालाच नाही.

आणि शेवटी महिन्याचं बिल. 'मुक्कामी पैसे भरा' प्रकारच्या बुकिंगमध्ये पाहुणा आलाच नाही तरी मालकाने ठरलेल्या मुदतीत तसं नोंदवलं नाही, तर प्लॅटफॉर्मच्या हिशेबी तो येऊन राहून गेला, आणि न मिळालेल्या भाड्यावर कमिशन लागतं. ही मुदत थोडी असते, दिवसांत मोजायची. बिल आलं की बुकिंग क्रमांक घराच्या रजिस्टरशी ओळीनं ओळ ताडून पाहावेत, न आलेल्यांवर खूण करावी आणि त्याच दिवशी लेखी हरकत घ्यावी. फोनवर घेतलेली हरकत बिलातून वजा होत नाही.